नावांचा पत्ता

दुर्ग-भिलाईत पत्त्यांचा एक कॅट सतरंजीवर उघडला, की त्यातल्या चार रंगांना निदान चार भाषांतली नावं मिळतात. आमच्या घरी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. फाटकाबाहेर पडलं की तेच हुकुम, पान, ईंट, चिडी. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या बंगाली घरात इस्कापन, हरतन, रुइतन, चिडितन. तेलुगू घरात इस्पेट, आटीन, डैमन, कळावर. पत्ते तेच बावन्न, पण नावावरून घर ओळखता येतं. बंगाली नावांत डच व्यापाऱ्यांची भाषा अजून ऐकू येते. मराठीत इस्पिक आणि किलवर कानाला परके वाटतात, बदाम आणि चौकट मात्र घरचे. परदेशी पत्त्यावरची लाल खूण कुणीतरी पाहिली, तिला काळीज न म्हणता बदाम म्हटलं, आणि ते टिकलं. हिंदी बोलणाऱ्याला त्याच खुणेत विड्याचं पान दिसलं.

मिश्र डावात खरी गंमत होते ती हुकुमावरून. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावापुरता वरचढ ठरलेला रंग. तो दर डावाला बदलतो. हिंदीत हुकुम म्हणजे कायमचं इस्पिक, आणि वरचढ रंगाला तुरुप म्हणतात. त्यामुळे मराठी माणसाने ‘हुकूम बदाम’ असं जाहीर केलं, की हिंदी भिडू गोंधळतो. त्याच्या लेखी ही दोन रंगांची नावं झाली, आणि त्यातलं दुसरं तर त्याच्या ओळखीचंही नाही. दुर्गमधल्या मराठी घरांनी यावर तोडगा काढलेला आहे. बाहेरचा माणूस डावात असला की तुरुप म्हणायचं आणि घरचेच असले की हुकूम. पिढ्यानपिढ्या परमुलखात राहणाऱ्यांची भाषा अशीच चालते. ती कुणासमोर बोलायची हे आधी ठरतं, काय बोलायचं हे नंतर.

गेल्या तीस वर्षांत जगभर पत्त्यांचे काही नवे खेळ रुजले. त्यांत प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः जमवतो, आणि त्या जमवलेल्या कॅटला, म्हणजे डेकला, नाव देतो. या नावांचा इतिहास मी वाचू लागलो तो केवळ भाच्याच्या नादाने. वाचता वाचता लक्षात आलं, की पत्त्यांना आणि कॅटना नावं देण्याची ही गोष्ट आपल्याकडेही फार जुनी आहे. तिच्यात दर वेळी एकच प्रश्न दडलेला असतो: नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

आधी तो राजाचा होता. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या एका जुन्या कॅटचं वर्णन केलं. त्यातल्या रंगांची नावं होती अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, नौकांचा पती, नागांचा पती, अशी. अबुल फजल नुसती नावं देऊन थांबत नाही. गजपती म्हणजे ज्याचं बळ हत्तींत आहे असा राजा, जसा ओरिसाचा. नरपती म्हणजे ज्याचं बळ पायदळात आहे असा, जसे विजापूरचे, असं तो समजावून सांगतो. हातात बारा रंग धरले की हिंदुस्थानचा राजकीय नकाशाच हातात येत असे. अकबराने या नावांत फेरबदल केले, हेही तोच सांगतो. मग जी नावं रूढ झाली ती दरबारातली आणि कचेरीतली: ताज, शमशेर, गुलाम, चंग, किमाश, बरात. यातला बरात हा शब्द मराठीला ओळखीचा आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत पैसे देण्याच्या हुकमाला ‘वरात’ म्हणत, ती हीच. पत्त्यांच्या कॅटमध्ये बादशहाने आपला फडच बसवला होता.

म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी (१७९४–१८६८) तर कॅटलाच नावं दिली. चामुंडेश्वरी छद, नवग्रह छद, पंचपांडव छद. छद म्हणजे संस्कृतात पान, म्हणजे आपला पत्ताच. चामुंडेश्वरी छदात सोळा रंग आणि ३२० पानं. असा खेळ खेळायला माणसाला राजवाड्याचीच सवड हवी. नावं भव्य आहेत, पण ती वरून आलेली आहेत. डाव मांडून बसलेल्या कुणाला ती सुचलेली नाहीत. ती वाचताना मला देवळाच्या कळसावरच्या मूर्ती आठवतात. खालून दिसतात, हाताला लागत नाहीत.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा याहून जवळची. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० गोल पानं. मत्स्याचं पान माशाने ओळखायचं, कूर्माचं कासवाने, वामनाचं कमंडलूने, परशुरामाचं परशूने. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असेल त्याची. इथे नावं नवी नाहीत, सगळ्यांना पाठ असलेलीच आहेत, म्हणूनच अक्षरओळख नसलेल्यालाही हा खेळ खेळता येई. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात चितारी कलावंतांना बसवून ती पुन्हा उभी केली. आज ती पानं भेट म्हणून विकली जातात, भिंतीवर लागतात. खेळणारे फार थोडे. वस्तू वाचली, पण ‘दिवसा राम, रात्री कृष्ण’ हे वाक्य डावात म्हणणारा आवाज विरळ झाला.

दशावतारी पत्त्यांचं दुसरं ठाणं बंगालमधलं विष्णुपूर. हे नाव आम्हा छत्तीसगडच्या मराठी माणसांना वेगळ्याच कारणाने माहीत असतं. नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपूर जिंकून छत्तीसगडात आले आणि पुढे बंगालवर चालून गेले. १७४२ मध्ये विष्णुपुरापाशी त्यांच्या फौजेवर साक्षात मदनमोहनाने दलमादल तोफ डागली, अशी तिथली आख्यायिका आहे. ज्या गावात अवतारांच्या नावाने पत्ते रंगवले जात, त्या गावाने बर्गींविरुद्ध देवालाच तोफेपाशी उभं केलं. आमच्याकडून गेलेल्या माणसांची आठवण तिथे अशी राहिली आहे.

त्याच भोसल्यांमुळे मराठी इथे आली. बिंबाजी भोसले १७८७ मध्ये वारले तोवर रतनपूरला राहून कारभार पाहत होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, तरी नागपूरशी संबंध सुटला नाही. आधी मध्यप्रांताची आणि पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूरच. दुर्गचा माणूस कोर्टासाठी, कॉलेजसाठी, सोयरिकीसाठी नागपूरला जाई. रेल्वेने हा रस्ता आणखी सोपा केला. मग १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, दुर्ग मध्य प्रदेशात राहिलं. तोवर सोव्हिएत मदतीचा करार होऊन भिलाईच्या कारखान्याचं काम सुरू झालं होतं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि सगळ्या देशातून माणसं आली. कारखान्याची आणि बाजाराची भाषा हिंदी झाली. मराठी घराच्या आत राहिली, आणि घरातही स्वयंपाकघर, देवघर आणि पत्त्यांची सतरंजी एवढ्याच जागा तिला उरल्या.

म्हणून या सतरंजीवरची नावं मी मन लावून ऐकतो. ती कुणा राजाने दिलेली नाहीत. बावन्न पानांचा युरोपीय कॅट आला, सगळ्यांच्या हातात सारखाच आला, तेव्हा कॅटला नाव द्यायचं कारणच उरलं नाही. मग लोकांनी खेळांना नावं दिली. ज्या खेळाला आमचे शेजारी ‘दहला पकड’ म्हणतात, त्याला मराठीत मेंढीकोट म्हणतात. हिंदी नाव काय करायचं ते सांगतं: दश्शी पकडा. मराठी नाव दश्शीला मेंढी करून टाकतं, आणि चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट चढतो. सगळेच हात गेले तर बावन्नकोट. हे हरण्याचं दुःख नावातच इतकं गोल करून ठेवलेलं आहे, की हरलेलाही हसतो. तीन जणांच्या खेळाला हिंदीत ‘तीन-दो-पाँच’ म्हणतात, मराठीत ‘पाच-तीन-दोन’. खेळ एकच. आम्ही मोठ्या जबाबदारीपासून मोजायला सुरुवात करतो, ते लहानापासून दम घेत जातात. यावरून कुणाचा स्वभाव काढू नये, पण मिश्र डावात या दोन नावांवरून वाद मात्र होतो.

भिकार-सावकार या नावापाशी मी नेहमी थांबतो. इंग्रजी खेळाच्या नावात शेजाऱ्याला भिकेला लावायचं एवढंच आहे. मराठीने त्यात सावकार आणून बसवला. ज्या मुलखात १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्या मुलखाच्या भाषेत मुलांच्या खेळातही एक भिकारी झाला की दुसरा सावकार होतोच. दोन टोकांच्या मध्ये तिसरा कोणी नाही. मुलं अर्थ न कळता खेळतात, आणि अर्थ तसाच पुढच्या पिढीकडे जातो. ‘नॉट ॲट होम’चं याच्या उलट. जोड्या जमवण्याच्या इंग्रजी खेळातलं ते नुसतं उत्तर होतं: मागितलेला पत्ता घरी नाही. आपल्याकडे त्या उत्तराचंच खेळाचं नाव झालं, आणि इंग्रजीचा एक शब्दही न येणाऱ्या आज्या ते बिनचूक म्हणत.

झब्बू तर केवळ नाद आहे. हातात त्या रंगाचं पान नसलं की दुसऱ्या रंगाचं टाकून झब्बू द्यायचा, आणि ज्याचं पान मोठं असेल त्याने सगळे पत्ते उचलायचे. ज्याच्याकडे शेवटी पत्ते उरतात तो हरला. भिलाईला ज्यांचे अभियंते आले, त्या रशियनांचा एक लाडका खेळ याच जातीचा आहे. शेवटी ज्याच्या हातात पत्ते उरतात त्याला ते ‘दुराक’, म्हणजे मूर्ख, म्हणतात आणि खेळाचं नावही तेच. मराठीने हरणाऱ्याला शिवी दिली नाही. त्याच्यावर जे पडलं त्याचा आवाज तेवढा ठेवला.

तिसरा टप्पा १९९३ चा. त्या वर्षी अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला. यात सगळ्यांना सारखा असा कॅटच नाही. हजारो वेगवेगळ्या पत्त्यांतून प्रत्येकाने आपला डेक बांधायचा: स्पर्धेसाठी किमान साठ पानं, आणि काही मूलभूत पानं सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार. प्रत्येक पत्त्यावर कंपनीने नाव छापलेलं असतं. त्या साठांच्या जुळणीला मात्र नाव नसतं. ती जुळणी म्हणजे जिंकण्याची एक कल्पना असते, आणि तिच्याविषयी दुसऱ्याशी बोलायचं तर नाव हवंच. जे छापलेलं नव्हतं, ते खेळणाऱ्यांनी तोंडी ठेवलं.

सुरुवातीच्या एका डेकचं नाव होतं नुसतं ‘द डेक’. ब्रायन वाइसमन याचा हा डेक समोरच्याची प्रत्येक चाल अडवून हळूहळू जिंकायचा. बाकी सगळे नुसते पत्त्यांचे ढीग, डेक काय तो हा, असा ताठा त्या नावात आहे. याच्या उलट ‘स्लाय’. १९९६ मध्ये अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू स्वस्त, फुटकळ, कुणी ढुंकून पाहणार नाही अशा लाल पत्त्यांचा डेक घेऊन बसला आणि दुसरा आला. डेकची आखणी जे श्नायडर याची होती, पण नाव राहिलं खेळणाऱ्याचं. पुढे वर्षानुवर्षं स्वस्त आणि वेगवान लाल डेकला ‘स्लाय’च म्हणत राहिले. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचंच अंतर आहे. या डेकला आधी लोकांनी नावं ठेवली, मग नाव ठेवलं.

त्यानंतरची दहा वर्षं या नावांचा बहर आहे. न्याहारीच्या रंगीत पोह्यांवरून ‘फ्रूटी पेबल्स’; त्याच्या वाटेने पुढे ‘कोको पेबल्स’ आणि ‘ट्रिक्स’. आणखी एका डेकचं नाव ‘फुल इंग्लिश ब्रेकफास्ट’. तळलेल्या, सारण भरलेल्या एका इटालियन पदार्थावरून ‘पोंझा’; हा डेक समोरच्याच्या जमिनी उद्ध्वस्त करायचा, पदार्थाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सोल माल्का याने आपल्या डेकला ‘द रॉक अँड हिज मिलियन्स’ म्हटलं: एक धिप्पाड राक्षस हा रॉक, आणि त्याच्या दिमतीला असलेल्या खारी हे त्याचे लाखो चाहते. ज्यांनी आमच्या गावात कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं जमवली, त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. २००० मध्ये जॉन फिंकेलने अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली त्या डेकचं नाव ‘नॅपस्टर’, कारण हवं ते पान त्यातून शोधून काढता येई, जसं त्या दिवसांत नॅपस्टरवरून हवं ते गाणं काढता येई. पुढच्याच वर्षी ती सेवा कोर्टाच्या निकालाने बंद पडली. नाव डेकपुरतं शिल्लक राहिलं.

दुसऱ्या खेळांतही हेच. पोकेमॉनच्या पत्त्यांत एका हाणामारीच्या डेकला मुष्टियुद्धातल्या ठोशावरून ‘हेमेकर’ म्हणाले. ‘यु-गि-ओह’मध्ये २००५ चा ‘गोट कंट्रोल’. त्यातल्या एका पत्त्याचं नाव ‘स्केपगोट’, आपल्या भाषेत बळीचा बकरा. त्या बकऱ्याने इतकं राज्य केलं, की आज त्या काळाच्या नियमांनी खेळण्याच्या पद्धतीलाच ‘गोट’ म्हणतात. एका तोंडी नावाने एका कालखंडाचं नाव व्हावं, हा मान अकबराच्या अश्वपतीलाही मिळाला नाही.

ही यादी वाचताना जाणवतं, की यातलं एकही नाव कंपनीने दिलेलं नाही आणि एकही विकत मिळत नाही. पत्ते महाग असतात, जुने तर फारच. नाव मात्र फुकट, आणि ते ठेवायला परवानगी लागत नाही. भिकार-सावकार आणि ‘स्लाय’ मला म्हणूनच एका कुळातले वाटतात. वस्तू दुसऱ्याची, बोली आपली.

पण २००५ नंतर वारं बदललं. मॅजिकच्या ‘राव्हनिका’ या संचात कंपनीने दोन-दोन रंगांच्या दहा जोड्यांना दहा संघांची नावं दिली: अझोरियस, दिमिर, राक्दोस वगैरे. २००८ च्या ‘अलारा’ने आणि २०१४ च्या ‘तार्किर’ने तीन-तीन रंगांनाही नावं पुरवली. ही नावं सोयीची होती, नेमकी होती, सगळीकडे सारखी होती. हळूहळू डेकचं नाव म्हणजे संघाचं नाव आणि पुढे एक प्रमुख पत्ता, असा ठराव होऊन बसला. नाव ऐकून आता डेकमध्ये काय आहे ते कळतं. ते ठेवणारा कोण, कुठला, त्या दिवशी काय खाऊन आला होता, हे कळत नाही. नाव पुन्हा वरून येऊ लागलं. फरक इतकाच, की आता राजाच्या जागी छापणारा आहे.

यात कुणी कुणावर जुलूम केलेला नाही. आमच्या घरांतही बदामाला कुणी हद्दपार केलं नाही. मुलं शाळेत पान म्हणतात, कारण तिथे सगळे पान म्हणतात. संध्याकाळी घरी डाव बसला की तोच शब्द तोंडात असतो, आणि खेळ थांबवून दुरुस्ती करण्याइतका वेळ डावात नसतो. पिसायचे पत्ते आधी फेटायचे होतात, मग कॅटची गड्डी होते, मग पाच-तीन-दोनचं तीन-दोन-पाच. सोयीचा, सगळीकडे चालणारा शब्द घरच्या शब्दाला असा न भांडता उठवतो. सावंतवाडीच्या पानांना वाचवायला राजवाडा होता. बोललेल्या शब्दाला राजवाड्याचा उपयोग नाही. तो काचेच्या कपाटात ठेवला की मुका होतो.

म्हणून मला जपणुकीपेक्षा नव्याने नाव ठेवण्याची आशा अधिक वाटते. २००६ मध्ये होनोलुलूच्या मोठ्या स्पर्धेत ‘आउलिंग माइन’ नावाचा एक डेक गाजला. तो समोरच्याला भरमसाट पत्ते उचलायला लावायचा, आणि हातात पत्ते साचले म्हणून त्यालाच मारायचा. नावात दोन पत्त्यांच्या इंग्रजी नावांचा श्लेष आहे, तो समजायला दोन्ही पत्ते माहीत असावे लागतात. भाच्याने मला या डेकची चाल समजावून सांगितली, आणि ती ऐकता ऐकता शेजारी भाजी निवडत बसलेल्या माझ्या आईने, ज्यांनी यातला एकही पत्ता कधी पाहिलेला नाही, मान वर न करता म्हटलं, ‘म्हणजे झब्बूच की.’

भाचा रायपूरच्या मित्रांशी खेळतो. त्यांच्यात एक तेलुगू आहे, दोन छत्तीसगडी. त्या चौघांत त्या जातीच्या डेकला आता झब्बू म्हणतात. त्यांतल्या तिघांना तो शब्द मराठी आहे हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची काही गरजही नाही.